सूज खरी, म्हणून कोलेस्टेरॉल खोटे ठरत नाही

पत्राचा सारांश : निपाणी परिसरातील एका ५४ वर्षांच्या भगिनींचे हे पत्र आहे. त्यांचे यजमान ५९ वर्षांचे असून तंबाखूच्या वखारीत हिशेब पाहत असत. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि कोल्हापूरला नेऊन स्टेंट बसवावा लागला. झटक्यापूर्वीच्या तपासणीत त्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल ११२, म्हणजे अहवालाच्या भाषेत ‘नॉर्मल’ होते. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातील रोसुवास्टॅटिनची गोळी सुरू झाल्यावर ते ८२ झाले. पुण्यातील मुलाने दिवाळीच्या सुमारास दोघांच्याही रक्ततपासण्या करवून घेतल्या. त्यात सीआरपी या रक्तातल्या प्रथिनावरून शरीरातील दाह, म्हणजे आतली सूज, बारकाईने मोजणारी एचएस-सीआरपी ही तपासणी होती आणि यजमानांचा आकडा ४.६ आला. त्यानंतर मुलाने बोस्टनचे डॉ. पॉल रिडकर यांच्या संशोधनाची माहिती पाठवली. ती वाचून यजमानांनी ठरवले की खरा गुन्हेगार सूज आहे आणि कोलेस्टेरॉलची गोळी उगाच गळ्यात मारली गेली आहे. काही आठवड्यांपासून त्यांनी ती गोळी बंद करून हळदीचा काढा सुरू केला आहे. मुलगा म्हणतो की डॉक्टरांकडून सूज उतरवणारे औषध लिहून घ्या. बापलेकांपैकी कोणाचे खरे मानावे, असा भगिनींचा प्रश्न आहे. यजमान बिडी सोडून तंबाखू मळू लागले आहेत, भगिनी लहानपणापासून मिश्री लावतात आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते, असेही ओघात लिहिले आहे. शेवटची ओळ अशी आहे : ‘माझाही सीआरपी ३.४ आणि एलडीएल १२८ आहे, पण मला काही त्रास नाही.’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात दोन माणसांचे म्हणणे सविस्तर आले आहे आणि तिसऱ्याचे एका ओळीत उरकले आहे. ती तिसरी व्यक्ती तुम्ही आहात. तुमच्याकडे मी येणारच आहे, पण आधी तातडीचे काम सांगते. यजमानांनी गोळी बंद केली आहे, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात कळले पाहिजे. स्टॅटिन थांबवले की एलडीएल काही आठवड्यांतच जुन्या पातळीकडे परत जाते, आणि ते चढताना माणसाला काहीही जाणवत नाही. त्या भरात ॲस्पिरिनही सुटले आहे का, हेही शांतपणे विचारून घ्या. स्टेंट असलेल्या माणसाने कोणतीही गोळी डॉक्टरांना न सांगता सोडणे धोक्याचे असते.

यजमानांच्या संतापाला मात्र कारण आहे. अहवालावर ‘नॉर्मल’ असे छापलेले असताना झटका यावा, हा कोणालाही फसवणुकीसारखाच वाटणारा अनुभव आहे. असा अनुभव त्यांच्या एकट्याचा नाही, आणि डॉ. रिडकर यांच्या संशोधनाला बळ मिळाले ते नेमके याच कोड्यामुळे : ज्यांचे कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नाही, अशा कितीतरी लोकांना झटका येतो, तो का? बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या या संशोधकाने १९९७ साली दाखवून दिले की वरवर निरोगी दिसणाऱ्या पुरुषांच्या रक्तातील सीआरपी किंचित वाढलेला असला, तरी त्यांना पुढे झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता अधिक असते. धमनीत साचलेल्या चरबीच्या थरात रोगप्रतिकारक पेशी शिरतात, तिथे दाह धुमसत राहतो, थरावरचे आवरण कमकुवत होऊन फुटते आणि त्यावर रक्ताची गुठळी जमते, असे आज वैद्यकशास्त्र मानते. तेव्हा सूज खरी आहे. यजमानांनी वाचलेले चुकीचे नव्हते. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहायला हवा.

तो तपासण्यासाठी त्यांना एकच प्रश्न विचारा : रिडकर यांच्या सर्वांत गाजलेल्या चाचणीत रुग्णांना कोणते औषध दिले होते?

उत्तर आहे, रोसुवास्टॅटिन. यजमानांनी कपाटात ठेवून दिली आहे तीच गोळी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ज्युपिटर’ या चाचणीत १७,८०२ लोक होते. त्या सर्वांचे एलडीएल १३० पेक्षा कमी, म्हणजे यजमानांसारखेच ‘नॉर्मल’ होते, पण एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून अधिक होता. त्यांपैकी निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन दिले. एलडीएल सुमारे निम्म्याने उतरले, सीआरपीही सुमारे ३७ टक्क्यांनी उतरला, आणि झटका, पक्षाघात, अँजिओप्लास्टी अशा घटना मिळून ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल आणि दाह या दोहोंवर काम करणारे औषध आहे. त्यामुळे सूज महत्त्वाची आहे असे मानणाऱ्या माणसाने ही गोळी सोडण्याऐवजी अधिक निष्ठेने घ्यायला हवी.

या चाचणीवर टीकाही झाली आणि ती सांगणे मला योग्य वाटते. चाचणी ठरलेल्या मुदतीपूर्वीच थांबवली गेली, आणि अशा वेळी फायदा प्रत्यक्षाहून मोठा दिसण्याचा संभव असतो. तिचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीने केला होता, आणि दाहाच्या तपासणीसंबंधीच्या पेटंटांवर रिडकर यांचे संशोधक म्हणून नाव आहे, हे त्यांनी स्वतःच लेखी जाहीर केलेले आहे. गोळी घेणाऱ्यांत मधुमेहाचे निदानही थोडे अधिक झाले. पण लक्षात घ्या, हे सारे लोक तोपर्यंत झटका न आलेले होते आणि वाद होता तो अशा निरोगी माणसांना गोळी द्यावी की नाही, याबद्दल. ज्याच्या धमनीत स्टेंट बसला आहे, त्याला स्टॅटिन द्यावे की नाही, याविषयी हृदयरोगतज्ज्ञांत आज वाद नाही.

मुलाने पाठवलेल्या माहितीत बहुधा २०२३ सालच्या एका विश्लेषणाचा उल्लेख असावा, कारण ‘कोलेस्टेरॉलपेक्षा सूज अधिक घातक’ हे वाक्य तिथूनच सगळीकडे पसरले. त्यात तीन मोठ्या चाचण्यांतील ३१,२४५ रुग्णांची माहिती एकत्र केली होती, आणि पुढील धोका एलडीएलपेक्षा सीआरपीवरून अधिक ठळकपणे कळतो, असे दिसले. हे खरे आहे. परंतु ते सर्व रुग्ण स्टॅटिन घेणारे होते! ज्यांचे एलडीएल औषधाने आधीच खाली आणलेले आहे, त्यांच्यात उरलेला धोका कशात दिसतो, एवढाच तिथे प्रश्न होता. त्या निष्कर्षाचा आधार घेऊन स्टॅटिन बंद करणे म्हणजे तो निष्कर्ष ज्या अटीवर काढला, ती अटच पुसून टाकणे होय.

आणखी एक बारकावा आहे. रक्तातला सीआरपी वाढला की धोका वाढलेला दिसतो, पण सीआरपी स्वतः धमनी बिघडवत नाही. जन्मजात जनुकीय कारणाने ज्यांचा सीआरपी थोडा जास्त असतो, त्यांना त्यामुळे झटके जास्त येत नाहीत, असे जनुकीय अभ्यासांत दिसले आहे. तो गावात चोरी झाल्याची वर्दी देणारा आहे, चोर नव्हे. एलडीएलचे तसे नाही. जन्मतःच ज्यांचे एलडीएल फार वाढलेले असते, त्यांना ऐन तारुण्यातही झटके येतात. या विकाराचे मूळ शोधताना ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी जे काम केले, त्याला १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एलडीएल कारण आहे, हे तेव्हापासून अधिकाधिक पक्के होत गेले आहे.

आता ‘नॉर्मल’ या शिक्क्याविषयी. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा सर्वांना एकच असते, पण उद्दिष्ट माणसागणिक बदलते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्वसाधारण माणसाचे एलडीएल १०० च्या खाली असावे आणि झटका येऊन गेलेल्याचे ५५ च्या खाली. या मापाने झटक्यापूर्वीचे ११२ ठीक नव्हते आणि गोळी चालू असतानाचे ८२ ही पुरेसे नाही. शिवाय रोसुवास्टॅटिन नेमाने घेतले तर एलडीएल साधारणपणे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी उतरते. ११२ वरून ८२ ही घट त्या मानाने थोडी आहे. एकतर मात्रा कमी असेल, किंवा दिवाळीपूर्वीपासूनच गोळ्या अधूनमधून चुकत असतील. हे आरोपाच्या सुरात विचारू नका. अंग दुखते म्हणून गोळी टाळत होते का, एवढेच विचारा. तसे असेल तर डॉक्टर मात्रा बदलू शकतात, दुसरे स्टॅटिन देऊ शकतात किंवा जोडीला एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारे वेगळ्या प्रकारचे औषध देऊ शकतात. स्टॅटिनमुळे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्रारी औषध नसलेली खोटी गोळी दिली तरीही उद्भवतात, असे २०२० सालच्या एका छोट्या पण नेटक्या अभ्यासात दिसले होते. तरी ज्याचे दुखते त्याचे दुखतेच. त्याला हसण्यावारी नेऊ नये.

मुलाच्या सूचनेकडे वळते. दाह कमी केल्याने झटके कमी होतात का, याचा थेट पुरावा रिडकर यांनी २०१७ साली ‘कॅन्टोस’ या चाचणीतून दिला, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढा असलेल्या १०,०६१ रुग्णांत कॅनाकिनुमॅब नावाचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिले. त्याने एलडीएल उतरले नाही, केवळ दाह उतरला, आणि तरीही मधल्या मात्रेत हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. सिद्धान्त सिद्ध झाला. पण प्रतिकारशक्तीचा एक धागा दाबल्यामुळे प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले, आणि एकूण मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही. अतिशय महाग असलेले हे इंजेक्शन हृदयविकारासाठी वापरायला अमेरिकेतही परवानगी मिळाली नाही. त्यातील बहुतेक रुग्ण स्टॅटिन घेतच होते, हे इथेही विसरू नये. पुढे याच संशोधकाने मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे स्वस्त औषध ४,७८६ रुग्णांत वापरून पाहिले. त्याने ना सीआरपी उतरला, ना झटके कमी झाले, आणि तो निकाल त्यांनी तसाच प्रसिद्ध केला. सूज उतरवणारी सगळी औषधे हृदयाला सारखी नसतात, हे या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की कळते.

सध्या विचारात घेण्याजोगे एकच औषध आहे, कोल्चिसिन, जे गाऊट या संधिविकारासाठी फार पूर्वीपासून वापरतात. २०१९ आणि २०२० सालच्या दोन चाचण्यांत हृदयरुग्णांना त्याचा लाभ झाला, २०२३ साली अमेरिकेत त्याच्या ०.५ मिलिग्रॅमच्या गोळीला मान्यता मिळाली, आणि २०२४ साली झटक्यानंतर लगेच ते सुरू करून पाहणाऱ्या आणखी मोठ्या चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. म्हणून डॉक्टरांना ‘हे यांच्यासाठी योग्य आहे का’ असे जरूर विचारावे, ‘लिहूनच द्या’ असा आग्रह धरू नये. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा काही ठरावीक अँटिबायोटिक चालू असतील, तर हे औषध विषारी ठरू शकते. आपल्याकडे खानापूरच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असते. कोणी जाणता ‘सुजेवर कळलावी’ सुचवील तर त्याला हात जोडून वाटेला लावा. तो कंद जीवघेणा आहे.

त्याहून रोजचा धोका औषधाच्या दुकानात आहे. गुडघा दुखला की चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी सूज उतरवते, म्हणून ती हृदयालाही बरीच असेल असे काहींना वाटते. प्रत्यक्षात या गोळ्या हृदयरुग्णाचा धोका वाढवतात. हळदीचे म्हणाल, तर आमटीत, भाजीत, दुधात ती हवी तेवढी असू द्या, पण हळदीने झटके टळतात असे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. अर्क भरलेल्या महागड्या कॅप्सुलांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचेही आढळले आहे. काढा यजमानांना आवडत असेल तर चालू राहू दे. त्यावर घरात भांडण करण्याइतका तो महत्त्वाचा नाही.

महत्त्वाची आहे ती त्यांच्या खिशातली तंबाखूची पुडी. सूज उतरवायचीच आहे, तर ती येते कुठून हे आधी पाहावे. बिडी सोडली ही मोठी गोष्ट आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने, ज्याचे नेतृत्व डॉ. सलीम युसूफ यांनी केले, २००६ साली नोंदवले की बिडी ओढणाऱ्यांत झटक्याची शक्यता २.८९ पट आणि नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत २.२३ पट होती. मळलेली तंबाखू म्हणजे बिडीवरचा उतारा, ही समजूत ज्या भागाचे पोटच तंबाखूवर चालते तिथे सहज रुजते, आणि ती मोडणे सोपे नाही, हे मी जाणते. वखारीत आयुष्य गेलेल्या माणसाला ‘सोडा’ एवढे सांगून भागत नाही. सोडण्यासाठी औषधे मिळतात, निकोटिनची च्युइंगगम मिळते, आणि सरकारी दवाखान्यांतून समुपदेशनही होते. हृदयरोगतज्ज्ञांच्या भेटीत हा विषय तुम्ही काढा, कारण ते स्वतः काढणार नाहीत.

आता तुमच्याविषयी.

तुम्ही लिहिता की तुम्हाला काही त्रास नाही. एलडीएल आणि सीआरपी यांचा त्रास जाणवत नसतोच, म्हणून तर ते मोजावे लागतात. तुमच्या घरात आठवडे ज्या संशोधकावरून वाद चालला आहे, त्याचे सर्वांत दीर्घ काम तुमच्यासारख्या स्त्रियांवरच झालेले आहे. अमेरिकेतील आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या २७,९३९ निरोगी स्त्रियांचे रक्त नव्वदच्या दशकात एकदाच घेतले गेले आणि नंतर तीस वर्षे त्यांची प्रकृती पाहिली गेली. रक्त घेतले तेव्हा त्यांचे सरासरी वय ५४.७ होते, म्हणजे जवळपास तुमचेच. २०२४ साली आलेला निष्कर्ष असा : सर्वांत कमी आकडे असलेल्या एक-पंचमांश स्त्रियांच्या तुलनेत सर्वांत जास्त आकडे असलेल्या एक-पंचमांश स्त्रियांत हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका एलडीएलमुळे १.३६ पट, लायपोप्रोटीन-ए या आनुवंशिक घटकामुळे १.३३ पट आणि सीआरपीमुळे १.७० पट होता. ज्यांचे तिन्ही आकडे चढे होते, त्यांचा धोका सर्वांत अधिक. तिथेही एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही, प्रत्येकाने आपापली भर घातली. त्या स्त्रिया बहुसंख्येने गोऱ्या होत्या, म्हणून ते पट जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. तरी दिशा तीच मानायला हरकत नाही, कारण दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, हेही ‘इंटरहार्ट’नेच दाखवले आहे.

घाबरून जाण्याजोगे तुमच्या अहवालात काही नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नाही. सीआरपी १ च्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक, असे मानतात. तो एकदाच मोजून निष्कर्ष काढू नये. सर्दी, ताप, दाढदुखी, एखादी जखम, यांतले काहीही असले तरी तो चढतो, आणि १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो. तेव्हा तुम्ही दोघांनीही पूर्ण बरे असताना दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तो पुन्हा तपासून घ्या, आणि साधी सीआरपी नव्हे तर एचएस-सीआरपी हवी, असे प्रयोगशाळेत स्पष्ट सांगा. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तपासले तरी पुरते. त्याखेरीज रक्तदाब, साखरेसाठी एचबीए१सी, आणि कमरेचा घेर. पोटाची चरबी हा दाहाचा मोठा स्रोत आहे, आणि वजन थोडे उतरले तरी सीआरपी उतरतो.

आणि हिरड्या. मिश्रीने दात बळकट होतात, असे आपल्या आज्यांनी सांगितले आणि आपण ऐकले, पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. रक्त येणाऱ्या हिरड्यांत दीर्घकाळचा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याचा संबंध वाढलेल्या सीआरपीशी आढळला आहे. हिरड्यांच्या उपचाराने झटके टळतात असे अजून सिद्ध झालेले नाही, तरी रक्त येत असताना दंतवैद्याकडे न जाण्याला काही कारण उरत नाही. यजमानांची तंबाखू आणि तुमची मिश्री एकाच दिवशी सुटावी, असे मी सुचवीन. एकाला उपदेश आणि दुसऱ्याला सूट, असे घरात चालत नाही.

तुम्हाला स्टॅटिन लागेल का? ‘ज्युपिटर’मधील स्त्रिया साठीच्या पुढच्या होत्या, त्यामुळे त्या चाचणीचे उत्तर तुम्हाला थेट लागू पडत नाही. १२८ हे एलडीएल १०० च्या वर आहे. इतर तपासण्या ठीक असतील तर तंबाखू सोडून, चालणे वाढवून आणि तळण-बेकरी कमी करून काही महिन्यांनी पुन्हा मोजायला तुमचे डॉक्टर सांगतील. मधुमेह किंवा रक्तदाब निघाला, किंवा लायपोप्रोटीन-ए चढे निघाले, तर गोळीचा विचार लवकर करावा लागेल. हा निर्णय पत्रातून होण्यासारखा नाही, पण फिजिशियनसमोर बसून तो होणे आवश्यक आहे. आपल्या भागातील बायका दवाखान्यात जातात त्या नवऱ्याची फाईल घेऊन. या वेळी आपली फाईलही न्या.

त्या भेटीसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. कोल्हापूरचे डिस्चार्ज कार्ड, दिवाळीचे अहवाल आणि चालू-बंद गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत असू द्या, कारण सीमाभागातल्या रुग्णांची अर्धी कागदपत्रे एका राज्यात आणि अर्धी दुसऱ्या राज्यात पडून असतात. ‘यांचे एलडीएल किती असायला हवे?’ असा प्रश्न करून तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठी इंग्रजीत असो वा कन्नडमध्ये, आकडा तुम्हाला वाचता येईल. मुलाला त्या वेळी फोनवर घ्या. त्याने तपासण्या करवल्या म्हणूनच हे सारे उजेडात आले, आणि डॉक्टरांचे उत्तर त्याच्या कानांवर थेट पडले तर तुम्हाला मध्ये निरोप्याचे काम करावे लागणार नाही.

शेवटी तुम्हा दोघांनाही लागू पडणारी एक सूचना. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, विशेषतः स्त्रियांत नुसती धाप, मळमळ किंवा कारण नसताना आलेला गळून गेल्यासारखा थकवा, यांना ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. कर्नाटक शासनाच्या डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत तालुका रुग्णालयातच ईसीजी काढून तज्ज्ञांकडून वाचून घेण्याची आणि गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज इंजेक्शन विनामूल्य देण्याची तरतूद आहे. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात ती सोय सुरू आहे का आणि रात्री कोण असते, हे धडधाकट असतानाच जाऊन विचारून या. बेळगावला न्यायचे की कोल्हापूरला, ही चर्चा ईसीजी निघाल्यानंतर करता येते.